व्हर्लिनची टाकी

व्हर्लिनची बायको लोडीमा गेल्याचं कळलं, त्या दिवशी ॲरिझोनाच्या वाळवंटात चाकांवरच्या घरांचा जो तळ होता, तिथल्या प्रत्येक घरगाडीतून व्हर्लिनकडे काहीतरी शिजवून आलं. सगळ्या भांड्यांत घेवड्याच्या बिया. व्हर्लिनने सगळ्यांचे आभार मानले आणि सांगून टाकलं, "माझी काळजी नको. मी इंजिनं खोलून बसवलीत. गाडी सांभाळीन, संडासाच्या टाकीसकट."

टाकीचं खातं आजवर लोडीमाचं. व्हर्लिनने गाडी हाकायची, बाकीचं तिने बघायचं. टाकीचा नळ तळाच्या गटाराला जोडलेलाच होता, मग टाकीच्या तोंडाची झडप सारखी बंद कशाला ठेवायची? व्हर्लिनने ती उघडून ठेवली. घरात कुठे असते झडप! शिवाय दुकानातून कागदाऐवजी ओले पुसणे, म्हणजे वाइप्स, आणले. पुडक्यावर लिहिलं होतं, संडासात खुशाल टाका. त्याने खुशाल टाकले.

वसंत आला. शनिवारी उत्तरेकडच्या तळ्यावर मुलगी कोरीन येणार होती. लोडीमाची राख तिथेच सोडायची, असं लोडीमानेच सांगून ठेवलं होतं. आणि गुरुवारी संडास तुंबला.

शेजारच्या ऑर्विसने बॅटरी लावून भोकात डोकावून पाहिलं. "म्हाताऱ्या, आत डोंगर उभा राहिलाय."

"झडप तर उघडीच होती."

"उघडी?" शेजारीण ट्वायला खुर्चीतून उठलीच. "अरे बाबा, पाणी निघून गेलं आणि बाकीचं बसलं मांडी घालून. लोडीमा झडप बंद ठेवायची. टाकी भरली की एकदम सोडायची, म्हणजे पाणी सगळं घेऊन जायचं. आणि हे काय टाकलंस?"

तिने एक पुसणा मुरंब्याच्या बरणीत पाण्याबरोबर घातला आणि खळखळवला. जसाच्या तसा बाहेर आला.

"तुझ्यापेक्षा धडधाकट आहे," ऑर्विस म्हणाला.

व्हर्लिन बरणीकडे बघत राहिला. संडासाच्या प्रत्येक नव्या कागदाची लोडीमा अशीच परीक्षा घ्यायची. विरघळला तर घरात, नाहीतर दुकानात परत. तो हसायचा तिला. पण इतक्या वर्षांत, इतक्या रस्त्यांवर, टाकी एकदाही तुंबली नव्हती.

"बर्फ टाक, पाणी टाक, आणि खडबडीत रस्त्यावर गाडी फिरव," ट्वायला म्हणाली. "आतून घासून निघतं. तिनेच शिकवलंय मला."

शुक्रवारी व्हर्लिनने झडप लावली, नळ काढला, टाकीत पोतंभर बर्फ ओतला. कपाटात आदळेल म्हणून राखेचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला. मग निवडुंगांमधून फेऱ्या सुरू झाल्या. सगळा तळ खुर्च्या टाकून बसला.

"खड्डे चुकवू नकोस रे!" ऑर्विस ओरडला. "ती असती तर एकही सोडू दिला नसता!"

"ऐकलंस?" व्हर्लिन डब्याला म्हणाला, आणि पुढचा खड्डा नेमका गाठला.

संध्याकाळी नळ जोडून त्याने झडपेचा दांडा ओढला. गडगडाट झाला. डोंगर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ऑर्विसने टोपी काढली. "लोडीमाबाईंना सलाम," तो म्हणाला.

व्हर्लिनने दांडा परत आत ढकलला. तो अर्ध्यावर अडला. फटीत एक पुसणा अडकला होता, धडधाकट.

उघडी झडप घेऊन रस्त्यावर कोण निघणार? त्याने कोरीनला फोन केला. "तुझी आई आणि मी अजून इथेच आहोत."

शनिवार गेला. नवी झडप यायची आहे. लोडीमा पुढच्या सीटवर आहे, पट्टा लावून. तळ्यावर जायचं राहिलंय.