भुसावळचा सुहास आणि इतर देव

एका क्लिकमध्ये तीन फायदे! जगनचा हिशेब असा होता: गाणं सापडलं की लहानी आत्याचा मान राहील, बहिणीच्या हळदीत डीजेचा डबा घुसणार नाही, आणि मुरबाड तालुका ज्या वेबसाइटला सात वर्षं ‘जगनचं खूळ’ म्हणत आला, ती एकदाची कामाला येईल. त्यासाठी करायचं काय? तर सकाळच्या एसटीनं शहापूरला जाऊन यायचं!

गाणं म्हणजे देवांना लग्नाचं आवतण. हळद लावण्याआधी आत्या एकेका देवाला नावानं हाक मारायची. गावदेवी, वाघोबा, झरे, डोंगर, झाडून सगळे! क्रम चुकवायचा नाही, कुणाला गाळायचं नाही, आणि ज्याला हाक मारली त्याचं पान वाढून शेजारी नारळ ठेवायचा. चाळीस वर्षं आत्यानं हे तोंडपाठ म्हटलं. पण २००८च्या दिवाळीनंतर तिला ताप आला, आणि उतरताना तो अर्धे देव सोबत घेऊन गेला.

“आता नाय म्हनायची मी,” ती रुपाला म्हणाली. “तुजी सासरची मानसं कसाऱ्यावरून तो डबा आनतात नं, तोच लाव गो.”

रुपा, म्हणजे नवरीच, मुसमुसायला लागली. तिला आवतण हवं होतं ते आत्याच्याच तोंडून.

जगननं छाती फुगवली. “रडतेस काय? दोन हजार एक साली मी आत्याचं अख्खं गाणं लिहून इंटरनेटवर ठेवलंय. कागद भिजतो, माणूस विसरतो, वेबसाइट कुठं पळते? तासाभरात आणतो!”

तास! शहापूरच्या सायबर कॅफेत पहिला तास तर पत्ता आठवण्यातच गेला. पत्ता हातभर लांब, आणि मध्ये कुठेतरी एक नागमोडी रेघ. ती नेमकी कुठं, ते जगनला सुचेना. मग त्याला जुना शेजारधर्म आठवला. तेव्हाचे साइटवाले एकमेकांचे दुवे आपल्या पानावर टांगून ठेवत. कणकवलीची माशांची साइट बघितली, तर ती बंद. अमरावतीच्या कवितांच्या जागी चपलांची जाहिरात! शेवटी नाशिकच्या एका निवृत्त घड्याळजीचं पान लागलं. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. किल्लीची घड्याळं कशी खोलावीत हे बिचारं अजून समजावत बसलं होतं. आणि तळाला, ‘आमचे मित्र’ या शब्दांखाली, जगन!

त्यानं क्लिक केलं. गिरक्या घेणारी पृथ्वी आली, लुकलुकत्या चांदण्या आल्या. कुलूप घालून विसरलेलं घर उघडावं आणि आत दिवा जळत असावा, तसं जगनला झालं. त्यानं हळूच डोळे पुसले.

मग गाणं आलं. म्हणजे जे आलं त्याला गाणं म्हणायचं, तर टाइपरायटरवरून कोंबडी चालवली तरी ओवी व्हावी! जगननं तेव्हा ज्या मराठी फाँटमध्ये लिहिलं, तो या मशीनवर नव्हताच.

“कुठं मिळेल रे हा फाँट?” त्यानं कॅफेवाल्या पंकजला विचारलं.

“दादा, तो आता म्युझियममध्ये बघा!”

सगळ्या पानात धड वाचता येत होती ती फक्त तळाची पाहुण्यांची वही. साइटवर येऊन गेलेल्यांनी नाव-गाव, ईमेल आणि दोन शब्द लिहायची जागा. ते सगळ्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं.

हळद दुपारी, परतीची एसटी समोर उभी. जगननं तसाच प्रिंट काढला. आत्याला वाचता कुठं येतं? दोन नावं सुचवली की पुढचं गाणं घसरगुंडीसारखं येईल!

मांडवात आत्या पाटावर बसली. “तू नाव सांग, मी हाक मारते.”

“गावदेवी!” जगन म्हणाला. आत्यानं हाक मारली.

“वाघोबा!” तीही झाली. आणि जगनकडचे देव संपले. त्यानं कागदात डोकं घातलं. जे वाचता आलं, ते तोंडातून निसटलं.

“सुहास! भुसावळचा!”

आत्या थबकली. तापात गेला असेल हा, असं समजून तिनं सूर धरला, “भुसावळच्या सुहासा, लग्नाला ये रे...” मागून बायकांनी ओढून धरलं.

“मंगला! शारजावाली!”

“शारजाच्या मंगले, हळदीला ये गो...”

“कूल रॉकी! कळवा!”

सूर तुटला. “जग्या, ह्यो कोनचा देव?”

वरपक्षाच्या एका माणसानं डब्याची वायर उचलली. रुपा नुसती जगनकडे बघत राहिली, आणि तेवढ्यानं तो विरघळला.

“आत्या, तुझं गाणं वाचताच येत नाय गो. ही माणसं ते बघायला आलेली. नावं लिहून गेली.”

“आनि तू त्यांना वाघोबाच्या मागं उभी केलीस?” आत्या ताडकन उठली. “वाघोबाच्या मागं कनसरी असते, गाढवा! कनसरीच्या मागं हिरवा! हिरव्याच्या मागं माहुलीचा डोंगर, डोंगराच्या मागं सात झरे, थोरल्या झऱ्यापासून...”

शिव्या कुठं संपल्या आणि गाणं कुठं सुरू झालं, ते कुणालाच कळलं नाही. आत्या डोळे मिटून एकेक हाक मारत गेली. एकही देव सुटला नाही. वायर उचललेल्या माणसानं ती गुपचूप खाली ठेवली. रुपाच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून हनुवटीला आलं.

गाणं झालं, रुपाला हळद लागली, आणि मग आत्यानं विचारलं, “ती शारजावाली काय लिवते?”

जगननं वाचलं, “‘मी नर्स आहे. माझी आई हे गाणं म्हणायची. मला वाघोबापर्यंतच येत होतं. आई आता नाही. पुढचं तुमच्याकडे मिळालं.’”

आत्यानं पानांची थप्पी पुढे ओढली. मग म्हणाली, “हाक मारलीय. पान वाढ तिचं. आनि त्या कागदावरच्या सगल्यांचं वाढ. आपल्या गान्याला आलेलं मानूस उपाशी नाय जायाचं.”

एकोणीस नावं, एकोणीस पानं! रुपा कागद हातात घेऊन मोजायला बसली आणि मोजता मोजता थांबली.

“दादा, कूल रॉकी आनि भुसावळचा सुहास, दोघांच्या नावाखाली तुझाच ईमेल कसा?”

जगन नवरीहून पिवळा पडला. नवी साइट ओसाड दिसू नये म्हणून त्या एकोणिसांतल्या अकरा सह्या त्यानं स्वतःच ठोकल्या होत्या, आणि आता ते कबूलही करावं लागलं!

“म्हंजे अकरा पावने हितंच हायत?” आत्यानं पदर खोचला. “मग बस रे जेवाया!”

तर शेवटचा हिशेब असा. मान आत्याचा राहिला. नारळ जगनचे गेले. न आलेल्या आठ पाहुण्यांची पानं रीतीप्रमाणे झाकून ठेवली. मंगलाच्या पानावर आत्यानं स्वतः तुपाची धार धरली. उरलेल्या अकरांची भरपाई मात्र एकट्या जगनच्या पोटानं केली. तिसऱ्या पानावर कूल रॉकीनं हात जोडले, पण करतो काय? भुसावळचा सुहास अजून जेवायचा होता!