रोमन आमटीतला हिंग

हिंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! डबीचं झाकण नुसतं किलकिलं करा, आत खरा हिंग किती आणि मैदा किती हे मी लांबून सांगतो. आमची सुप्रभा म्हणते, "अहो, या नाकाचा ऑफिसात काही उपयोग होतो का?" होत नाही. लंडनच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरची कामं करतो, आणि शिवाय आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन आहे. म्हणजे आग लागली की पिवळं जाकीट चढवून सगळ्यांना शिस्तीत बाहेर काढायचं. आजवर आग काही लागलेली नाही, पण जाकीट मी इस्त्री करून ठेवतो. ही वॉर्डनकी लक्षात असू द्या, कारण पुढे नाकापेक्षा तिनेच घात केला.

आता आमच्या कन्येबद्दल. नाव कस्तुरी, जन्म इथलाच. लंडनच्या आमच्या स्टॅनमोर भागातल्या ओळखीच्या घरांतली मुलं डॉक्टर झाली, फार्मसिस्ट झाली, अकाउंटंट झाली. ही एडिनबराच्या एका विद्यापीठात गेली आणि प्राचीन ग्रीक आणि रोमन संस्कृती हा विषय घेऊन बसली! मी ओरडलो, समजावलं, अबोला धरून पाहिला. शेवटी म्हटलं, "अगं, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांचा अभ्यास करून तुला नोकरीत कोण हिंग लावून विचारणार?"

"बाबा, हिंगचा काय संबंध?" ती म्हणाली आणि गेली निघून.

तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "कस्तुरी काय शिकतेय?" की मी "एडिनबराला असते" एवढं सांगून मोदकांकडे वळायचो. हे तिच्या लक्षात आलं होतं. ती कधी बोलून दाखवायची नाही, पण अभ्यासातलं एक अक्षरही माझ्यापाशी काढायची नाही. घरी आली की आईशी सगळं बोलायची आणि मी खोलीत शिरलो की दोघी हवामानावर यायच्या.

म्हणून २००६ च्या मार्चमध्ये तिचा फोन आला आणि तिने आईऐवजी मला बोलावलं, तेव्हा मी सोफ्यावरून उडालोच.

"बाबा, आपल्याकडे रिअल हिंग आहे? शॉपवाली नको. त्याच्यात मैदा असते."

"आहे का म्हणजे? पुण्याहून श्यामलाताईने अख्खा खडा पाठवलाय! पण तुला कशाला?"

तर भानगड अशी होती. शेवटच्या वर्षाचं तिचं प्रेझेंटेशन होतं, रोमन स्वयंपाकघरावर. रोमन लोकांची म्हणे एक लाडकी वनस्पती होती, तिचा चीक ते जेवणात घालत. ती वनस्पती मिळेनाशी झाली, तेव्हा तिच्या जागी त्यांनी इराणकडचा हिंग धरला. त्या काळच्या पद्धतीने कस्तुरी सगळ्यांसमोर मसूर शिजवून दाखवणार होती. त्यात जिरं, धने, मध, व्हिनेगर आणि हिंग!

"अगं, ही तर आमटी!" मी ओरडलो. "चिंचेच्या जागी व्हिनेगर आणि गुळाच्या जागी मध! हे रोमन आपल्यातलेच निघाले की!"

"बाबा, प्लीज ऐका. बाहेरचा एक्झॅमिनर येणार आहे. हे प्रेझेंटेशन चांगला झाला तरच मला मास्टर्सची सीट मिळेल. मला फक्त एक लेंटिलएवढा तुकडा पाहिजे. पोस्टाने पाठवा."

पोस्टाने! इतक्या वर्षांत पोरीने अभ्यासासाठी पहिल्यांदा बापाकडे काही मागितलं, आणि बापाने ते पाकिटात घालून लाल पेटीत टाकायचं?

"मी स्वतः घेऊन येतो!"

"बाबा, पोस्टाने पण येते," ती घाईघाईने म्हणाली.

सुप्रभा म्हणत होती, "अहो, कोपरा तोडून देते, तेवढाच न्या." पण मी अख्खा खडा घेतला, चांगला लिंबाएवढा. आमच्याकडे हा खडा डबीत, डबी डब्यात, डबा बरणीत आणि बरणी गराजमध्ये असते. एवढी उतरंड ट्रेनमधून कोण नेणार? मी तो रुमालात बांधला आणि कोटाच्या खिशात टाकला. किंग्ज क्रॉसला गाडी सुटली तेव्हा माझ्या टेबलाशी तिघं बसले होते. पीटरबरो येईपर्यंत एकही उरला नाही. इंग्रजांना मोकळी जागा आवडते, असं म्हणून मी पेपर उघडला.

कस्तुरीचा विभाग एका जुन्या दगडी इमारतीत होता. कॉरिडॉरमध्ये ओळीने प्लास्टरचे पुतळे, कोणाला नाक नाही, कोणाला हात नाही. त्यांच्यामधून कस्तुरी धावत आली आणि मिठी मारता मारता थांबली.

"बाबा, तुम्हाला केवढी वास येते!"

"कुठे? मला तर काहीच येत नाही!"

खरंच येत नव्हता. पहाटेपासून त्या खड्याच्या संगतीत बसून माझं नामांकित नाक पुरतं बधिर झालं होतं!

"दोन वाजता सुरू होणार," ती म्हणाली. "एक्झॅमिनरची संध्याकाळी फ्लाइट आहे. आज नाही झालं तर होणारच नाही. तुम्ही फक्त छोटा तुकडा काढा, इथेच बसा, आणि बाबा, कशाला हात लावू नका."

ती हॉटप्लेट लावायला आत गेली आणि मी कामाला लागलो. खडा कसला, पहाड होता! किल्लीने टोचला, नाण्याने खरवडला, दाराच्या फटीत धरून दार लावून पाहिलं. दार करकरलं, खडा ढिम्म. समोरच्या बिननाकाच्या सम्राटाच्या चौथऱ्यावर आपटायचा मोह मी कसाबसा आवरला आणि घरी फोन लावला.

"अहो, असा नाही फुटत तो!" सुप्रभा म्हणाली. "जरा ऊब द्यावी लागते, मग मऊ होतो. मी कुकरच्या झाकणावर ठेवते."

विद्यापीठात कुकर कुठून आणू? पण कॉरिडॉरच्या टोकाला इमारत उबदार ठेवणारा एक जाडजूड लोखंडी रेडिएटर होता, हात लावला तर चटका बसावा असा तापलेला. मी त्यावर खडा ठेवला, स्वतःच्या हुशारीवर खूश झालो आणि खाली चहा प्यायला गेलो.

परत आलो तर ऑफिसची सेक्रेटरी मोराग कॉरिडॉरमध्ये नाक वर करून उभी होती.

"तुम्हाला गॅसचा वास येतोय का?" तिने विचारलं.

मला कसलाच वास येत नव्हता. पण या देशात इतकी वर्षं काढून मी एक गोष्ट शिकलोय. समोरचा म्हणाला, थंडी आहे, की आपण म्हणायचं, फारच! मी म्हटलं, "येतोय की! फारच येतोय!"

"खात्री आहे?"

"प्रश्नच नाही!"

तिचा चेहरा पांढरा पडला. आणि तो चेहरा पाहून माझ्या आतला वॉर्डन खडबडून जागा झाला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जाकिटाला इस्त्री केली तो आलाच होता, आणि जाकीट मात्र लंडनला! "मी फायर वॉर्डन आहे!" मी गरजलो आणि भिंतीवरच्या अलार्मची काच फोडली.

मग काय विचारता! सगळे दरवाजे धडाधड उघडले. विद्यार्थी निघाले, प्राध्यापक निघाले, एक प्राध्यापक तर नुसत्या मोज्यांवर निघाले. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हात फिरवत होतो. "पळू नका! सामान सोडा! लिफ्ट वापरू नका!" एक उंच म्हातारे गृहस्थ चहाचा कप घेऊन रेंगाळत होते. मी त्यांचा कप काढून घेतला आणि कोपराला धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.

"अहो, पण मी इथे परीक्षक म्हणून..." ते सांगू लागले.

"जीव वाचला तर परीक्षा!" मी म्हटलं आणि त्यांना खाली पिटाळलं.

बाहेर एडिनबराचा वारा कानशिलं सोलत होता. अख्खा विभाग कोटांशिवाय कुडकुडत उभा होता आणि मी त्यांना रांगेत लावत होतो. तेवढ्यात हातात पळी घेतलेली कस्तुरी माझ्याजवळ आली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हिंग कुठे आहे?"

"रेडिएटरवर!" मी अभिमानाने सांगितलं. आणि मग मी काय बोललो ते मला ऐकू आलं.

अरे देवा!

बंब घणघणत आला. जवान यंत्र घेऊन आत गेले आणि बऱ्याच वेळाने त्यांचा अधिकारी बाहेर आला. "गॅस कुठेच नाही," तो म्हणाला. मग त्याने हात लांब करून एक प्लॅस्टिकची पिशवी वर धरली. तिच्यात अर्धवट वितळलेला तपकिरी गोळा होता. "हे रेडिएटरच्या मागे पडलेलं सापडलं. हे कोणाचं आहे?"

गर्दी एकदम मागे सरकली. लंडनमधल्या स्फोटांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बेवारस वस्तू म्हटलं की माणसांचे चेहरे बदलायचे. मीही गर्दीबरोबर एक पाऊल मागे सरकलो. परीक्षक घड्याळ पाहत होते. कस्तुरीची सीट, तिची मेहनत, सगळं त्या पिशवीत लोंबकळत होतं. पोरीने एक दाणा मागितला होता आणि मी तिच्या भविष्याला बंब लावला! मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात कस्तुरी पुढे झाली. "ते माझ्या वडिलांचं आहे. खायची वस्तू आहे."

"हे तुम्ही खाता?" अधिकारी म्हणाला.

"आम्ही खातो. आणि रोमन लोकही खायचे."

आणि पायऱ्यांवर उभी राहून, हातातल्या पळीने दिशा दाखवत, ती बोलू लागली. ती हरवलेली वनस्पती, इराणहून येणारा हिंग, रोमन घरांतल्या चुली, पाट्यावर वाटण वाटणारे गुलाम. इंग्रजीत बोलत होती, एकदाही अडखळली नाही. फोनवर "हं" आणि "ओके" एवढंच बोलणारी माझी मुलगी! लोक वारा विसरून ऐकत होते. बंबावरचे जवान खाली उतरून ऐकत होते. परीक्षक तर गर्दीतून पुढे पुढे येत अगदी पायरीपाशी पोचले होते.

"हे जेवणात घालायचं किती?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मसुराच्या एका दाण्याएवढं," कस्तुरी म्हणाली.

अधिकाऱ्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

आत जायला परवानगी मिळाली, पण हिंग काही मिळाला नाही. नियम म्हणजे नियम! खडा बंबात बसून निघून गेला. वर सगळ्या खिडक्या उघडून कस्तुरीने मसूर शिजायला ठेवले.

"हिंगाशिवाय आमटी?" मी कुजबुजलो.

"बाबा, शू!"

वाटी पुढे आली. परीक्षकांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! हिंग काय सुरेख उतरलाय!"

कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, कानांनीसुद्धा तिला खुणावत होतो की बाई, गप्प बस, मिळतंय ते घे!

"सर," ती म्हणाली, "यात हिंग नाही. हिंग फायर इंजिनमध्ये आहे."

संपलं! मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पण रोमन लोकही हिंग पुरवून वापरायचे," ती पुढे म्हणाली. "खडा चिलगोज्यांच्या, म्हणजे पाइनच्या बियांच्या, बरणीत ठेवून द्यायचे. चिलगोज्यांना वास लागला की पातेल्यात नुसते चिलगोजे घालायचे. आज आपली बिल्डिंग ही ती बरणी झाली. आणि चिलगोजे म्हणजे आपण सगळे."

परीक्षक आधी गालात हसले, मग इतके हसले की त्यांना वाटी खाली ठेवावी लागली. मोराग हसली, मोज्यांवरचे प्राध्यापक हसले. मग परीक्षकांनी आणखी एक वाटी मागून घेतली! माझ्या छातीवरचा रेडिएटर कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं.

निघताना ते मुद्दाम माझ्यापाशी आले. "मास्टर्सला ही इथेच राहायला हवी," ते म्हणाले. "तुम्ही मात्र लंडनलाच राहा."

कस्तुरी मला स्टेशनवर सोडायला आली. आता तिने मिठी पूर्ण मारली, श्वास रोखून का होईना. "थँक यू, बाबा," ती म्हणाली. "पण नेक्स्ट टाइम पोस्टाने."

परतीच्या गाडीत माझ्यासमोर एक गृहस्थ सँडविचचं पुडकं सोडून बसले. त्यांनी एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं आणि अदबीने विचारलं, "माफ करा, पण हा कसला वास येतोय?"

या वेळी मी मोदकांकडे वळलो नाही! छाती पुढे काढली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझी मुलगी प्राचीन ग्रीक आणि रोमन संस्कृती शिकते!" आणि मग त्यांना सगळं अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मी जेमतेम ग्रीकांपर्यंत आलो होतो, तोवर ते सँडविच उचलून पुढच्या डब्यात गेले.