विषाणूची ओळख पटवताना

मिरजेच्या त्या खासगी क्लिनिकात एचपीव्हीचा विषाणू सापडला, की तो ज्या माणसाकडून बाईच्या अंगात आला त्या माणसाच्या आवाजात बोलतो. म्हणून तर मी गेले.

एरवी कशाला जाईन? माझं काही दुखत नव्हतं. पहिल्या दिवशी डॉक्टर मुजावरबाईंनी विचारलं, तक्रार काय. मी म्हटलं, घरात कोणी बोलत नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, तक्रार नाही. मग पडद्याआड झोपवून छोट्या ब्रशानं गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला. दुखलं नाही. तेवढ्यात त्या मला दोनदा म्हणाल्या, अंग सैल सोडा, घाबरू नका. मालक गेल्यापासून मला एवढं जपून कुणी काही सांगितलं नव्हतं.

मालक म्हणजे आमचे हे. साखर कारखान्यात बॉयलरवर होते. जाऊन सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाल्या, हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गप्प पडून राहू शकतो. मी म्हटलं, मग तो मालकांचाच असणार.

रिपोर्टच्या दिवशी बाहेर बाकांवर बायका तोंडाला पदर आणि ओढण्या लावून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मनात एकच चाललेलं, न सापडो. मी एकटी उघड्या तोंडानं सापडो म्हणत होते. शेजारी आमच्याच गल्लीतली मालन गुरव होती. मला बघून तिनं खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे मला ती दिसणार नाही. तेवढ्यात एक बाई आतून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवाज तुमचाच होता. पण इतकं गोड तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीसा." तो माणूस गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

मग मला बोलावलं. आत टेबलावर माझी बाटली होती आणि आवळे सिस्टर कागद घेऊन बसली होती. तिनं नियम सांगितला. विषाणूनं आधी बाईचं नाव घ्यायचं. कागदावरच्या नावाशी जुळलं तर तो तिचा, तिच्याबरोबर घरी जाणार. नाही जुळलं तर तो बेवारस, नमुना जाळून टाकायचा आणि बाईला निरोगी म्हणून लिहून द्यायचं.

तिनं झाकण काढलं. आधी खोकला आला. तंबाखूचा. माझ्या मांडीवरची पिशवी खाली पडली.

"अगं," बाटलीतून मालक म्हणाले.

सिस्टर म्हणाली, नुसतं 'अगं' चालत नाही, तो नाव घेत नाही. डॉक्टरांनीही मान हलवली. मागे एका 'अगं'वर तीन बायका भांडल्या होत्या, शेवटी तो चौथीचाच निघाला. मी सिस्टरला म्हटलं, तो काय म्हणतेस, तुझ्यापेक्षा मोठे आहेत, ते म्हण. मग बाटलीकडे वाकले.

"नाव घ्या की. इथं तुमच्या आई नाहीत."

मग बॉयलरवर ओरडून ओरडून फाटलेला तो आवाज एकदम हळू झाला.

"हेमलता."

सिस्टरनं कागद बघितला. कागदावर आक्काताई दिनकर खोत. ती म्हणाली, जुळत नाही.

मी समजावून सांगितलं. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मालकांनी हेमलता लिहिलं. सासू म्हणाली, हे कसलं नटीचं नाव, आणि तिनं हातानं तांदूळ सारखे केले. मी आक्काताईच राहिले. चार माणसांत मालक अगं म्हणायचे, दोघंच असलो की हेमलता.

डॉक्टरांनी विचारलं, हे सांगणारं कोणी आहे? सासू गेली, भटजी गेले, माझी आई गेली. ते नाव माहीत असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी बाटलीकडे बोट दाखवलं, हे आहेत की.

"विषाणूला स्वतःच्या ओळखीची साक्ष देता येत नाही, मावशी."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. हा कर्करोग करू शकणाऱ्या जातीचा आहे, म्हणाल्या. तुमचा म्हणून लिहिला तर दुर्बिणीची तपासणी आणि दरवर्षीची फेरी मागं लागेल. नाही लिहिला तर आत्ता उठून घरी जाता येईल.

"घरी कोण आहे?" मी विचारलं.

त्यावर त्यांच्याकडे नियम नव्हता. पण एक वाट होती. बेवारस विषाणूचा बाहेर तीनदा पुकारा करतात. सगळ्यांसमोर जी उभी राहील, तिचा.

मी परत मालनशेजारी जाऊन बसले. सिस्टर दारात आली.

"एचपीव्ही सापडलेली हेमलता. हजर आहे का?"

सगळ्या माना खाली गेल्या. मालननं एकदम श्वास सोडला. हेमलता नावाचं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. दुसरा पुकारा झाला. उद्या नळावर काय बोलतील ते मला तिथंच ऐकू येत होतं. या वयात हिला कसला रोग, कुठून आणला. गुडघ्यांवर हात ठेवले, पण उठवेना. मग वाटलं, सहा वर्षांत नळावर माझ्याबद्दल कुणी चांगलं-वाईट काहीच बोललेलं नाही.

तिसऱ्या पुकाऱ्याला मी उभी राहिले.

"मी हेमलता. ओरडू नको आता."

मालन म्हणाली, "तू तर आक्का."

"तुझ्यासाठी," मी म्हटलं आणि आत जाऊन अंगठा नाही, सही केली. चौथी शिकलेय मी.

एसटीत मालकांची बाटली मांडीवरच्या पिशवीत होती. घरी आल्यावर गॅस पेटवला आणि त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. सोमवारी दुर्बिणीची तपासणी, ती मी चुकवणार नाही. आणि बहुतेक बायकांच्या अंगातून हा एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, तेही सांगितलं. ते गप्प राहिले. पाळीला निघायच्या आधी कारखान्याच्या भोंग्याची वाट बघत असेच गप्प बसायचे.

मग म्हणाले, "भाजी कसली?"

"दोडक्याची."

"दोडका होय?"

म्हटलं, सहा वर्षं कुणी विचारलंच नाही, म्हणून दोडकाच चालू आहे.