सत्कारमूर्तीची चाल

कोणताही खेळ मोठा व्हायचा असेल तर त्यातला खेळण्याचा भाग आटोक्यात ठेवावा लागतो. क्रिकेटला हे फार लवकर कळलं, कबड्डीला जरा उशिरा. बुद्धिबळाला मात्र परवापरवापर्यंत कळलेलं नव्हतं. दोन माणसं समोरासमोर गप्प बसतात, तासा-दीड तासाने एक जण हात पुढे करतो, दुसरा तो हातात घेतो आणि दोघंही चहाला जातात. यात स्टेज नाही, माइक नाही, पाहुण्यांना टेकायला सोफा नाही. अशा खेळाला भवितव्य कसं असणार? ही उणीव ओळखून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या काही जाणत्या मंडळींनी यंदापासून आंतरनगर बुद्धिबळ लीग सुरू केली. संघ सहा, दर संघात खेळाडू चार आणि पदाधिकारी अकरा (सल्लागार वेगळे).

यातल्या बाळकुमच्या संघात चौथ्या पटावर सीताराम अहिरे खेळायचे होते. वय एकसष्ट. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी बॉयलरवर सत्तावीस वर्षं काढली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं पट मांडायचा, हा त्यांचा नेम. कंपनीत त्यांना हरवणारं कुणी उरलं नाही तेव्हा ते स्वतःशीच खेळायला लागले (आणि मग अधूनमधून हरायलाही लागले). पुढे कंपनी बंद पडली, तिच्या जागेवर टॉवर उभे राहिले, पण खरा सामना अहिरेंच्या वाट्याला कधी आला नव्हता. खरा सामना म्हणजे समोर घड्याळ, बाजूला पंच आणि टेबलावर आपल्या नावाची पाटी. तो यंदा येणार होता. आठवडाभर ते घरात भिंतीकडे बघत मनातल्या मनात चाली करत होते, आणि त्यांच्या पत्नी शकूताई "अहो, भात वाढू का?" हे तीन वेळा विचारायला शिकल्या होत्या.

संघाचे मालक राघोशेठ म्हात्रे. घराणं बाळकुमचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आजोबांची खाडीकाठी भातशेती आणि मिठागर. आता त्या जागेत ज्या इमारती आहेत त्यांची नावं युरोपातल्या गावांची आहेत. माणूस मनाने मोठा. बुद्धिबळाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की यात राजाला शेवटपर्यंत कुणी मारत नाही, आणि ही गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. त्यांनी संघाला जर्सी दिली, संघगीत दिलं, चाळीस जणांचं ढोलपथक दिलं आणि पहिल्या पटावर आपला भाचा दिला. दुसऱ्या पटावर शाळेत गणित शिकवणारी रचना तायडे होती. तीच कर्णधार. तिसऱ्या पटावर कॉलेजातला एक मुलगा होता, त्याचा सगळा खेळ मोबाइलवर झालेला, त्यामुळे सोंगट्या उभ्या असलेल्या पाहून त्याला थोडं बिचकायला होत असे.

शनिवारी डोंबिवलीत एका लग्नाच्या हॉलमध्ये हंगामाचा शुभारंभ झाला. निमंत्रणपत्रिकेत सामन्याची वेळ सकाळी दहा होती. प्रत्यक्षातला कार्यक्रम असा: नऊला नावनोंदणी, दहाला संघांचं संचलन, पावणेअकराला दीपप्रज्वलन (समई पेटेना म्हणून सव्वाअकरा), त्यानंतर स्वागत, प्रास्ताविक, प्रास्ताविकात राहून गेलेल्यांचं स्वागत, आणि मनोगतं. ढोलपथक वेळेवर आलं होतं, पण बुद्धिबळाला शांतता लागते असं पंचांनी सांगितल्यामुळे ती चाळीस माणसं कमरेला ढोल बांधून भिंतीला लागून उभी राहिली. त्यांनी दिवसभर एकदाही टिपरू उचललं नाही. जाणकारांच्या मते इतकं शिस्तबद्ध पथक जिल्ह्यात दुसरं नाही.

पहिली चाल प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते व्हायची होती. त्यांनी पहिल्या पटावरचा हत्ती उचलला, प्याद्याच्या डोक्यावरून नेला आणि चार घरं पुढे ठेवला. टाळ्या झाल्या. पंचांनी निर्णय दिला की उद्घाटनाची चाल नियमांच्या वर असते, सबब ती कायम राहील. राघोशेठच्या भाच्याने हे नीट लक्षात ठेवलं.

अडीचला जेवणं झाली. साडेतीनला खेळ सुरू झाला, पाचनंतर आटोपला, आणि मग आभारप्रदर्शन. आठ वाजता सगळी मंडळी परतीच्या वाटेला लागली.

रविवारी सामना कल्याणला होता. शकूताई मुद्दाम बघायला आल्या, पोपटी साडी नेसून. तिथे सगळं त्या मानाने आटोपशीर होतं, कारण प्रमुख पाहुणे दुपारनंतर येणार होते. त्यामुळे खेळ चक्क बाराला सुरू झाला. प्रत्येक खेळाडूला साठ मिनिटं. ज्याची चाल, त्याचं घड्याळ चालणार. ते शून्यावर आलं की डाव गेला.

भाच्याने आठव्या चालीला हत्ती प्याद्यावरून उडवला. पंचांनी समज दिली. त्याने अकराव्या चालीला पुन्हा उडवला, तेव्हा ही सवलत फक्त पाहुण्यांना असते असा खुलासा होऊन त्याचा डाव गेला. रचनाने आपला डाव जिंकला. कॉलेजातल्या मुलाची बरोबरी झाली. दीड-दीड. सामना आता चौथ्या पटावर येऊन ठेपला.

तिथे अहिरेंसमोर सुशांत नावाचा एक तरुण इंजिनियर होता. खेळाने पक्का, वागायला गोड. पण त्याचा राजा कोपऱ्यात अडकला होता, आणि अहिरेंना काहीतरी दिसायला लागलं होतं. तीन चाली. आधी उंट द्यायचा, मग वजिराने शह, मग घोडा. त्यांनी एकदा तपासलं, पुन्हा तपासलं. घड्याळात बारा मिनिटं होती. बॉयलरचा दाब बरोबर आकड्यावर आला की पूर्वी छातीत जसं शांत वाटायचं, तसं त्यांना वाटलं.

नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची गाडी आली. पाहुण्यांना तीनला अंबरनाथला दुसरं उद्घाटन होतं. ज्येष्ठ बुद्धिबळपटूचा सपत्नीक सत्कार दिवसाच्या शेवटी करावा असं बाळकुमच्या कार्यकारिणीने एकमताने ठरवलं होतं. पाहुण्यांना थांबता येईना, म्हणून दिवसाचा शेवट अलीकडे घेण्यात आला. पंचांनीच माइकवर अहिरेंचं नाव पुकारलं. अहिरे उठले नाहीत, तेव्हा राघोशेठ स्वतः आले.

"सीताराम, चल रं. दोन मिन्टाचं काम हाय."

"शेठ, माझी चाल आहे."

"चाल काय पलून जाते का? साहेब जातील मंग. तुज्यासाठी शाल आणलीय, लोकरीची."

सगळा हॉल बघत होता. शकूताईंना दोन बायकांनी आधीच स्टेजवर चढवलं होतं. अहिरे उठले.

आता, घड्याळ थांबवण्याचा अधिकार पंचांना असतो. पण पंच त्या वेळी स्टेजवर शालीचं तबक धरून उभे होते, कारण तबक धरणारी मुलगी जेवायला गेली होती. पाहुणे बोलायला उठले. लहानपणी आपणही बुद्धिबळ खेळायचो, पण पुढे वेळच मिळाला नाही, असं ते म्हणाले. मग हा खेळ माणसाला वेळेचं मोल शिकवतो, हा विचार त्यांनी तीन उदाहरणं देऊन मांडला. शकूताईंना बुद्धिबळातलं काही कळत नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की खाली तो सुशांत घड्याळाकडे बघतो, मग वर यांच्याकडे बघतो, पुन्हा घड्याळाकडे बघतो.

"अहो," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "तुम्ही जा. शाल मी घेते."

अहिरेंनी एक पाऊल उचललंही. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "काका, एक सेकंद. इकडे बघा. जरा हसा." आणि सत्तावीस वर्षं सांगितलेल्या जागी उभं राहण्याची सवय असलेला तो माणूस उभा राहिला, आणि हसला.

ते खाली आले तेव्हा घड्याळावर त्यांच्या बाजूला चार शून्यं होती.

रचना पंचांकडे गेली. "सर, त्यांना तुम्हीच वर बोलावलंत."

"मॅडम, ते आयोजक म्हणून," पंच समजुतीने म्हणाले. "पंच म्हणून मी तिथे नव्हतोच."

"मग पंच म्हणून कुठे होतात?"

या मुद्द्यावर समिती बसली. खेळाडू स्वेच्छेने पट सोडून गेला तर घड्याळ चालूच राहतं, असा नियम आहे. अहिरे स्वेच्छेने गेले होते का, हे ठरवण्यासाठी व्हिडिओ पाहण्यात आला. त्यात ते हसताना स्पष्ट दिसले. कल्याण अडीच-दीडने विजयी.

सुशांत मात्र जागचा हलला नव्हता. "काका, मला खरंच कसंतरी वाटतंय. घड्याळाला मी हात लावला असता तर मलाच दंड लागला असता."

"तू काय करणार रे," अहिरे म्हणाले.

"काय खेळणार होतात?"

अहिरे शाल तशीच अंगावर ठेवून बसले. उंट दिला. वजिराचा शह. घोडा. सुशांतने आपला राजा हळूच आडवा केला. हे फक्त शकूताईंनी पाहिलं. "जिंकलात का?" त्यांनी विचारलं. अहिरे म्हणाले, "हो, पण उशिरा." शकूताईंनी हॉलच्या एसीला दोष दिला आणि त्यांच्या अंगावरची शाल नीट ओढली.

राघोशेठ जाताना त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाव काढलंस बाळकुमचं." ते अगदी मनापासून म्हणाले, यात शंका नाही. सत्काराच्या फोटोला व्हॉट्सॲपच्या गटावर चारशे बारा अंगठे मिळाले. सामना कोणी जिंकला, असं एकानेही विचारलं नाही. लीगच्या पहिल्या अहवालात दोन दिवसांचा गोषवारा आहे: माइक चालू नऊ तास; पटावरचा खेळ तीन तास दहा मिनिटं; सत्कार चौतीस; सत्कार राहून गेल्याने रुसलेले सात.

इथवर वाचून तुम्हालाही अहिरेंबद्दल हळहळ वाटली असेल, आणि त्या मंडळींचं हसू आलं असेल. ते योग्यच आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. शनिवारी, डोंबिवलीत, साडेतीन वाजता अहिरे आयुष्यातला पहिला खरा डाव खेळायला बसले होते. आपल्या नावाची पाटी त्यांनी आधी बोटाने पुसून घेतली. एकोणतिसाव्या चालीला, वजिराचा बळी देऊन, त्यांनी मात केली. अहवालात ते आलेलं नाही. वर आम्ही समईला किती उशीर झाला ते लिहिलं, हे मात्र लिहिलं नाही. आणि त्या डावाचं काय झालं, हे तुम्हीही विचारलं नाहीत.