क्रम चुकलेला बेडूक

चाकणजवळचं एक तळं बुजवून तिथे ट्रकचं पार्किंग करावं की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचा मी गुणवत्ता-सदस्य. तीस वर्षं कंपनीत पाना-पक्कड आपापल्या जागेवर आहेत का, हेच तपासलं. माझ्यापुढे बेडकाची काय मिजास!

खोडा घातला उत्कर्षाबाईंनी. त्या आकुर्डीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. या तळ्यातला बेडूक जगात दुसरीकडे कुठे नाही, तळं गेलं की तो संपला, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय, तर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सदतीस जनुकं असतात आणि या बेडकात त्यांचा क्रम निराळा आहे.

"म्हणजे वस्तू जागेवर नाहीत," मी म्हणालो.

"साहेब, डीएनएची नक्कल होताना कधी एखादा तुकडा दोनदा उतरतो. मग जादा झालेल्यांतलं एक इथलं गळतं, एक तिथलं. उरतं त्याचा क्रम बदलतो. लाखो वर्षांत होतं हे."

"लाखो वर्षं दोष आहे आणि कुणी नोंद केली नाही?" अध्यक्ष हळहळले.

कंपनीत सदोष मालाला रेड टॅग लावतात. मी लगेच काढला. पण बाईंनी दाखवायला आणलेला बेडूक ओला, टॅग चिकटेना; मग बाईंच्या अहवालालाच लावला. बेडकाला पंधरा दिवसांची मुदत दिली: क्रम दुरुस्त करावा आणि पुन्हा चूक होणार नाही याची उपाययोजना लेखी सादर करावी.

तळ्याकाठचा गेनबा हात जोडून उठला. "आवो सायेब, बेडूक काय लिवणार? माजी म्हसरं त्याच पान्यावर हायती. नका बुजवू."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटण्याला फॉर्मवर रकाना नव्हता.

मुदत संपली, बेडकाचा खुलासा आला नाही. दरम्यान आमच्या फायलीच्या दोन प्रती निघाल्या होत्या. एकीतून पाहणीचा अहवाल गहाळ झाला, दुसरीतून बाईंची हरकत. उरलेली पानं एकत्र टाचली, तर आधी मंजुरी, मग भराव पूर्ण झाल्याचा दाखला आणि सर्वांत शेवटी पाहणीचा अहवाल.

"अहो, हे बेडकासारखंच झालं की!" बाई ओरडल्या. "क्रम बघा तुमचा!"

"काम अडलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग तो दोष नाही, ती आमची कार्यपद्धती."

"बेडकाचं तरी कुठे अडलं होतं हो?" त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. अध्यक्षांनी चहा मागवला.

आठवड्यात तळं सपाट झालं. गेनबानं म्हशी बहिणीच्या गावी धाडल्या. तो बेडूक आता बाईंच्या कपाटात, बाटलीत आहे.

आता तुम्ही आम्हाला नावं ठेवाल. ठेवा, राव! पण हरकतींची नोटीस महिनाभर सगळ्यांना खुली होती. पिंपळे सौदागर ते दिघी, प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही ती टाकली होती. हरकती आल्या दोन. बाकी चारशे बारा जणांनी न वाचता हात जोडले आणि अंगठे वर केले. ते सगळे आम्ही संमती म्हणून धरले. यादी माझ्यासमोरच आहे. तुमचं नाव बरोबर लिहिलंय का, तेवढं तपासून घ्या.