धामणशेतच्या पाखाडीचा दावा

पाखाडीने माणसावर दावा लावला, तर तिच्या वतीने हरकत कोणी नोंदवायची, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ज्याच्या पायांना तिच्या पायऱ्या पाठ आहेत, त्याने. कायदा तसाच आहे.

धामणशेतची पाखाडी, म्हणजे गावातून नवलाईच्या देवळाकडे चढणारी जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट, भिकाजी लोवलेकरांवर दावा लावून तालुक्याच्या न्यायालयात हजर झाली. लोवलेकरांनी तिला आपल्या कलमांच्या बागेत ओढून घेतले होते. दर तारखेला ती दालनात आडवी पडे आणि कारकून तिला ओलांडून कागद नेत. लोवलेकरांचा अर्ज एका वाक्याचा होता : अशी पाखाडी कधी नव्हतीच, सबब दावा फेटाळावा. न्यायालयाने चौकशीला नेमलेल्या कमिशनरांनी तशी शिफारस केली. हरकतीला चौदा दिवस मिळाले.

गाव आता सडकेने देवळात जाई. पायऱ्या पाठ असलेले एकटे दामोदर केळुसकर गुरुजी उरले होते. लग्नाला नऊ वर्षे होऊन मूल होईना, तेव्हा त्याच पायऱ्या अनवाणी चढून त्यांनी नवस केला होता. देवीने सुमन दिली. ती सुमन आता लोवलेकरांच्या श्रीधरची बायको, त्यांची सून होती.

“सुमन आमच्याकडे सुखात आहे, गुरुजी,” लोवलेकर गुरुजींच्या ओटीवर सुपारी कातरत म्हणाले. “तशीच राहावी, एवढंच.”

“मी कुठे काय बोललो?”

“तेच तर! तुमचं न बोलणंच मला आवडतं.”

लोवलेकर गेल्यावर गुरुजींच्या पत्नी राधाबाई बाहेर आल्या. “एक ओळ लिहायची, अहो. पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढताना कधी हात आखडला नाही तो!”

“न्यायाधीश स्वतः पाहतीलच की,” गुरुजी म्हणाले.

देवापुढे रोज हात जोडणाऱ्या माणसाने सत्यासाठी एकदा हात उचलू नये, याहून मोठे दुर्दैव नाही.

चौदाव्या दिवशी पाखाडी त्यांच्या उंबऱ्याशी येऊन पडली. तिची वरची पायरी त्यांच्याच टाचेने झिजलेली होती. गुरुजींनी धोतर सावरले आणि तिला ओलांडले.

पंधराव्या दिवशी न्यायाधीशबाईंनी तीनदा विचारले, “कोणाची हरकत?” गुरुजी शेवटच्या बाकावर नखे पाहत बसले होते.

“हरकत नसली की मी फक्त उघड चूक शोधते,” बाई म्हणाल्या. “कागदावर ती नाही. इतरत्र असेल, तर तिथे पाहण्याचा मला अधिकार नाही. शिफारस मान्य. पाखाडी कधी नव्हती.”

पाखाडीने पायरीवर पायरी ठेवून स्वतःची घडी घातली आणि ती दप्तरखान्यात गेली.

पाच दिवसांनी गुरुजी लोवलेकरांच्या बागेवरून चालले होते. लोवलेकरांनी अदबीने हाक मारली. “गुरुजी, आमच्या श्रीधरचं लग्न राहिलंय अजून. कुठे चांगली मुलगी असली तर सुचवा.”

गुरुजी धापा टाकत घरी आले. “सुमनला घेऊन येतो,” ते म्हणाले.

राधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण सुमन? मूल होईना, तेव्हा नवस बोला म्हणून तुमच्या पाया पडले होते मी. तुम्ही देवळाची एक पायरी चढला नाहीत.”

गुरुजींनी तोंड उघडले. पण हरकतीची मुदत संपून सहा दिवस झाले होते.