तटावरची नोटीस

पठारावरच्या जुन्या तटावर कारकुनाने चौथी नोटीस चिकटवली. ‘येथे जनावरे चारण्यास सक्त मनाई आहे.’ आधीच्या तिन्ही एका दिवसात गायब झाल्या होत्या. तिथे रोज येणारं माणूस एकच, बकऱ्यांची मावशी. तिच्या घरातली जनावरं कित्येक पिढ्या याच माळावर चरत आलेली.

“मावशी, सरकारी कागद फाडता? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!” तो चारचौघांत ओरडला.

“मी कशाला फाडू? नीट चिकटवा की.”

या उत्तराने त्याचं डोकंच फिरलं. त्याने कचेरीत बसून पानभर तक्रार लिहिली. रागात लेखणी जरा सैल सुटली. दुसऱ्या दिवशी तो साहेबांनाच पठारावर घेऊन आला.

नोटीस जागेवर होती. तेवढ्यात बकऱ्या आल्या, मागोमाग मावशी. पुढच्या बकरीने तटावर पाय टेकले, नोटीस चाटली, कोपरा उचकटला आणि ‘सक्त मनाई’सकट सगळी खाऊन टाकली. मग ती कारकुनाच्या बाह्या चाटू लागली.

“खळ कशाची केलीत?” साहेबांनी विचारलं.

“कणकेची. घरी... बायकोने टिकावी म्हणून मीठ घातलं होतं.”

साहेबांनी तटाकडे पाहिलं. इकडचे दगड स्वच्छ होते. पलीकडे मात्र झुडपांच्या मुळांनी भिंत फोडली होती.

“तिकडे कोण चारतं?”

“कोणीच नाही, साहेब. तिकडे आपण कुंपण घातलंय.”

“मग ते काढा. तक्रार मागे घ्या आणि यांची माफी मागा.”

कारकुनाने मान खाली घालून माफी मागितली. त्याला वाटलं, सुटलो.

“माझ्याबद्दल काय लिहिलंत, ते वाचून तरी दाखवा,” मावशी म्हणाली.

त्याने खिशातल्या तक्रारीवर हात दाबून धरला. पण हिला कुठे वाचता येतंय, असा विचार करून त्याने कागद उघडला. “सदर महिला... अत्यंत कष्टाळू असून... कार्यालयास नेहमी सहकार्य करते.”

मावशी जवळ आली. तिचं बोट ओळींवरून सावकाश फिरलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबलं.

“हा ‘उर्मट’ वाचायचा राहिला,” ती शांतपणे म्हणाली. “आणि ‘अडाणी’तला णी दीर्घ असतो.”